डाव्या कोपऱ्यातली कळ

चांगदेवने कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली कळ दाबली. चुकलेला आकडा पुसला जायला हवा होता, पण त्याच्या पुढे एक बारीक तिरकी रेघ उमटली. त्याने पुन्हा दाबली. दुसरी रेघ आली. मग घाईघाईत आणखी दोन-चार वेळा दाबली आणि आकडा राहिला बाजूला, पडद्यावर रेघांचं कुंपणच उभं राहिलं.

"काय उबाळे, रांगोळी घालताय काय?" मागून अकाउंट्सचा कोणीतरी म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. ऑफिसात नुकतीच रंगीत पडद्यांची नवी मशीनं बसली होती आणि त्या सोमवारी सगळेच त्यांच्यासमोर चाचपडत होते. पण बाकीचे दोन हातांनी चाचपडत होते.

बाहेर गेटवर पत्र्याच्या कॉइल घेऊन ट्रक उभा होता. मालाची नोंद होऊन इनवर्ड नंबर पडल्याशिवाय गाडी आत घेता येत नसे, आणि तो नंबर पाडायचं काम चांगदेवचं. ड्रायव्हरने दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तशी शेजारच्या टेबलावरची शेवंती म्हात्रे खुर्ची सरकवत जवळ आली.

"सरका उबाळे, मी टाकते. तो बोंबलतोय तिकडे."

चांगदेव उठला. त्याच्या टेबलावर त्याच्या देखत दुसऱ्या कोणी बसायची ती पहिलीच वेळ होती. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि ट्रक आत येईपर्यंत बाहेरच बघत राहिला.

वागळे इस्टेटमधल्या ह्या कारखान्यात तो आधी पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. पंच्याऐंशी साली एका दुपारी प्रेस अवेळी खाली आली, तेव्हा त्याचा उजवा हात आत होता. इस्पितळातून घरी आला तो त्या पंज्यावर फक्त अंगठा घेऊन. कंपनीने गेटवर स्टूल देऊ केलं. आंबिवलीच्या चाळीत लोक म्हणाले, नशीब काढलंस, बसून पगार. चांगदेव साहेबांना म्हणाला, "माझ्या बापानं सगळा जन्म दुसऱ्याच्या दारात बसून काढला. मी बारावी पास झालोय. दारात नाय बसणार."

कल्याणच्या एका टायपिंग क्लासने 'दोन हात लागतात' म्हणून त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या क्लासवाल्याने काही न विचारता कोपऱ्यातलं जुनं मशीन दाखवलं. डाव्या हाताची पाच बोटं आणि स्पेस मारायला उजवा अंगठा, एवढ्यावर चांगदेव टायपिंगची परीक्षा पास झाला. अठ्ठ्याऐंशीला कारखान्यात युनिक्सचं मशीन आलं, हिरव्या अक्षरांचे टर्मिनल टेबलांवर लागले, आणि त्याने अर्ज करून स्टोअर्सची जागा मिळवली.

मशीन बसवायला कुरियन नावाचा इंजिनियर आला होता. त्याने चांगदेवला पाच मिनिटं काम करताना पाहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "कुठला की त्रास देते?"

हात कसा गेला हे सगळे विचारायचे. कुठली कळ त्रास देते, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. चांगदेवने दाखवलं. पुसायची कळ कीबोर्डच्या पार उजव्या टोकाला. दर चुकीला डाव्या हाताला अख्खं पटांगण ओलांडून जावं लागायचं आणि परत आल्यावर बोटांची जागा चुकायची.

कुरियनने त्याला एक गंमत सांगितली. मशीनमध्ये प्रत्येक माणसाचा स्वतःचा कोपरा असतो आणि त्या कोपऱ्यात प्रोफाईल नावाची एक फाईल असते. तुम्ही नाव आणि पासवर्ड दिलात की मशीन आधी ती फाईल वाचतं आणि तुमची मांडामांड तुम्हाला हवी तशी करून ठेवतं. कुरियनने त्या फाईलमध्ये एक ओळ लिहिली: डाव्या कोपऱ्यातली, एरवी कोणीच वापरत नसलेली कळ दाबली की अक्षर पुसायचं. चांगदेवने ती दाबून बघितली. अक्षर गेलं.

पुढे कुरियन आखातात निघून गेला. बाकीच्या ओळी चांगदेवने एकट्याने लिहिल्या. लांबलचक कमांडांना त्याने डाव्या बाजूच्या एकेका अक्षराची नावं दिली. दोन लांबच्या कळा एकदम दाबायच्या जागी एकच कळ बसवली. एखादी ओळ चुकायची, मग जेवणाच्या सुट्टीत तो ती दुरुस्त करत बसायचा. वर्षं गेली तशी फाईल पानभर झाली. गाडी गेटवर लागून ड्रायव्हर कागद घेऊन खाली उतरेपर्यंत नंबर तयार असायचा. नवीन आलेल्या माणसाला महिना महिना कळायचं नाही की हा एका हाताने काम करतो.

आणि आता ते सगळं एका शनिवार-रविवारात गेलं होतं.

दुपारी मोहिते साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तानाजीराव मोहिते आता स्टोअर्सचे मॅनेजर होते, पण पंच्याऐंशीच्या त्या दुपारी ते प्रेस शॉपचे सुपरवायझर होते. अंगातला शर्ट काढून चांगदेवचा हात त्यांनीच गुंडाळला होता. तेव्हापासून त्याला काहीतरी सोपं द्यावं, असं त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

"बस रे. चहा सांगू?"

"काम बोला साहेब."

"सकाळी पाहिलं मी. तुझी चूक नाही त्यात, हे मशीनच तसलं आहे." मोहिते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "रेकॉर्ड रूमला माणूस हवाय. पगार तोच राहील, मी बोलून घेतो. निवांत काम आहे."

"म्हणजे कपाटं उघडायची आणि बंद करायची."

"तुला त्रास नको म्हणून म्हणतोय, चांगदेव."

"माहीत आहे साहेब." चांगदेव बसला नव्हताच. "पुढच्या सोमवारपर्यंत थांबा. तोवर नाय जमलं, तर मीच येतो चावी मागायला."

संध्याकाळी घरी त्याने रंभाला सांगितलं. रंभा बालवाडीत मदतनीस होती आणि दिवसभर पोरांच्या मागे धावून तिचा आवाज बसलेला असायचा. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "साहेब वाईट तर नाय बोलला."

"वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

"मग त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमला विचारा ना."

"काय विचारू? माझा हात असा आहे, मशीन बदलून द्या म्हणून?"

रंभाने वर पाहिलं. "हाताचं कशाला सांगता? फाईलचं सांगा. फाईल तर धड आहे ना तुमची?"

चांगदेवला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.  आजवर त्याने ती फाईल कोणाला दाखवली नव्हती. ती मागितलेली सवलत वाटू नये, म्हणून त्याने ती लपवलीच होती म्हणा ना. पण रंभा म्हणाली त्यात खोट नव्हती. बिघाड हातात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासंती केणी हॉलमध्ये आली आणि नेहमीसारखं चार जणांनी तिला घेरलं. डोंबिवलीजवळच्या कोपर गावातल्या कोळ्याची ही मुलगी. आळीतली पहिली इंजिनियर, वय जेमतेम सव्वीस, आणि अख्ख्या कंपनीची मशीनं तिच्या अंगावर. चांगदेव आपल्या जागेवरून उठला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मॅडम, हे मशीन माझी फाईल वाचत नाय."

"काका, सगळ्यांच्या फाईली मी स्वतः कॉपी केल्यात. तुमची पण आहे."

"आहे. मी उघडून बघितली, एक अक्षर इकडचं तिकडे नाय. पण मशीन ती वाचतच नाय."

 मग शेजारून शेवंती अर्धवट उठली. "अगं वासंती, म्हणजे माझं पण तेच असेल काय? माझी चलनं कालपासून वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरवर जातायत. पाच वेळा जिने चढले मी."

"मग बोलला का नाहीत म्हात्रेबाई?"

"मला वाटलं मीच काहीतरी चुकतेय. नवीन मशीन, उगाच हसतील."

"माझी पण तारीख उलटी येते," अकाउंट्सचा तोच कालचा माणूस हळूच म्हणाला.

वासंतीने हातातले कागद बाजूला ठेवले आणि चांगदेवच्या टेबलाशी खुर्ची ओढली. "दाखवा फाईल."

त्याने उघडून दिली आणि तो बाजूला उभा राहिला. ती एकेक ओळ वाचत खाली गेली. कुठे थांबली, कुठे भुवया उचलल्या, एका ठिकाणी 'वा' म्हणाली. शेवटच्या ओळीवर ती जरा जास्त वेळ थांबली, पण त्याबद्दल बोलली काही नाही.

कोपऱ्यात एक जुना हिरवा टर्मिनल अजून चालू ठेवलेला होता. तिने त्याला तिथे बसवलं. त्याने नाव दिलं, पासवर्ड दिला आणि डाव्या कोपऱ्यातली कळ दाबली. अक्षर पुसलं गेलं. परत नव्या मशीनवर येऊन पडद्यावरची कामाची खिडकी उघडली. तिरकी रेघ.

"माणूस तोच, फाईल तीच," वासंती पुटपुटली. "फरक कुठे पडतो मग?"

"तिथं नाव विचारतं," चांगदेव म्हणाला. "ही खिडकी नाय विचारत."

"सकाळी विचारतं की, सुरुवातीच्या पडद्यावर."

"सकाळी एकदा. नंतर कितीपण खिडक्या उघडा, कोण विचारतं?"

वासंती त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! लॉगिन शेल!" मग शेवंतीही ऐकत होती म्हणून तिने साध्या शब्दांत सांगितलं. "जुन्या टर्मिनलवर तुम्ही दारातून आत येता. मशीन नाव विचारतं, तुमची फाईल वाचतं, मग आत घेतं. ही खिडकी घरातल्या घरात उघडते. तिला वाटतं, हा माणूस आधीच आत आलेला आहे, ह्याची फाईल कोणीतरी वाचली असेलच. आणि खरं तर कोणीच वाचलेली नसते."

तिने त्याला एक युक्ती दाखवली. खिडकी उघडली की टिंब द्यायचं, स्पेस द्यायची आणि पुढे फाईलचं नाव. मग मशीन ती तेवढ्यापुरती वाचतं. चांगदेवने केलं, वर उमटलेली ओळ कोणी वाचायच्या आत पडदा कोरा केला, कोपऱ्यातली कळ दाबली, अक्षर गेलं. शेवंतीने टाळी वाजवली. त्याने दुसरी खिडकी उघडली. पुन्हा रेघ.

"दर खिडकीला एकदा टाकायचं, काका. दोन सेकंदांचं काम."

 काम होणार होतं. सोमवार निभावणार होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"मॅडम, तुम्ही केलंत ते मोठं केलंत," तो म्हणाला. "पण मी इथं नवा नाय. दर खिडकीपुढे हात जोडून सांगायचं का, मी चांगदेव, माझं असं असं आहे, जरा सांभाळून घे?"

आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला होता. तो खाली बसला. वासंतीला राग आला असता तर त्याला नवल वाटलं नसतं.

ती म्हणाली, "शनिवारपर्यंत द्या मला. आत्ता मला पण येत नाही ते."

शनिवारी अर्धा दिवस भरला आणि ऑफिस रिकामं झालं. वासंतीने खोक्यांतून आलेल्या जाडजूड मॅन्युअलांचा ढीग टेबलावर रचला. चांगदेव घरी गेला नाही. त्याला त्या पुस्तकांतलं फार कळत नव्हतं, पण ती सांगेल ते टाईप करून बघायला तो बसला. एक वाट बंद निघाली. दुसऱ्या वाटेने खिडकीच उघडेना. तिसऱ्यात अक्षरं एवढी बारीक झाली की दोघांनाही वाचता येईनात आणि दोघंही हसत सुटले.

मध्येच तिने डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. "एरवी इथे नाही आणत," ती म्हणाली. "वास आला की लोक खिडक्या उघडतात. घ्या ना काका."

चांगदेवने भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्या घरी रविवारी हाच बेत असतो. लोकांना काय, उघडू दे खिडक्या."

डबा धुऊन ती परत आली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि चार-दोन पानं उलटल्यावर तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे बघा. खिडकी उघडताना पुढे मायनस एल एस द्यायचं. म्हणजे ती स्वतःला लॉगिन शेल समजते. म्हणजे..."

"म्हणजे फाईल वाचेल?"

"टाका तर."

त्याने डाव्या हाताने टाईप केलं, अंगठ्याने स्पेस मारली, एंटर दिलं. खिडकी उघडली. क्षणभर कोरी राहिली. मग तिच्या अगदी वरच्या ओळीत इंग्रजी अक्षरं आली: जय भीम चांगदेव.

फाईलची शेवटची ओळ ती. आठ वर्षांपूर्वीच्या एका चौदा एप्रिलला घातलेली. जुन्या टर्मिनलवर ती रोज सकाळी लुकलुकायची आणि मेनू आला की निघून जायची. ती दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडावी म्हणून त्याने लिहिलेली नव्हती. आता ती पडद्यावर स्थिर उभी होती आणि शेजारी वासंती बसलेली होती.

"जय भीम, काका," वासंती म्हणाली.

"जय भीम, मॅडम," तो म्हणाला.

मग तिने तीच गोष्ट मशीनच्या सगळ्यांसाठी असलेल्या सेटिंगच्या फाईलमध्ये एका ओळीत लिहिली, म्हणजे कोणीही, कुठूनही, कितवीही खिडकी उघडली तरी ती त्या माणसाची प्रोफाईल वाचूनच उघडावी. चांगदेवने एकामागून एक खिडक्या उघडल्या, पडदा भरून जाईपर्यंत. प्रत्येकीने त्याला नावाने जय भीम घातला.

सोमवारी पहिलं चलन शेवंतीच्या शेजारच्या प्रिंटरवर खडखडत आलं, तेव्हा तिने ते फाडून हवेत धरलं. "आलं रे बाबा माहेरी!" अकाउंट्सवाल्याची तारीख सरळ झाली. तो चहा घेऊन चांगदेवच्या टेबलाशी आला आणि एक कप तिथे ठेवून गेला.

दहाच्या सुमाराला मोहिते साहेब हॉलमधून फेरी मारत चांगदेवच्या मागे येऊन उभे राहिले. त्याला ते कळलं होतं, पण त्याने मान वळवली नाही. तारेची बंडलं घेऊन गाडी आली होती. डावा हात कळांवरून फिरला, एकदा आकडा चुकला, एकदा कोपऱ्यातली कळ दाबली गेली, आकडा पुसून नवा आला. नंबर पडला. त्याने तो मोठ्याने गेटला फोनवर सांगितला. मोहिते अजून उभेच होते.

"साहेब, चावी दुसऱ्याला द्या," चांगदेव पडद्याकडे बघतच म्हणाला.

मोहित्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला होता. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "दिली," ते म्हणाले आणि पुढे गेले.

डिसेंबरात हेड ऑफिसातले मोठे साहेब नवी मशीनं बघायला ठाण्यात आले. सगळा हॉल झाडूनपुसून लख्ख केलेला. वासंती त्यांना एकेका टेबलाशी नेऊन काम समजावत होती, मोहिते मागून चालत होते. साहेब चांगदेवच्या टेबलाशी थांबले. त्यांनी पडदा पाहिला, मग हात पाहिला, मग पुन्हा पडदा.

"कमाल आहे," ते म्हणाले. "हे सगळं तुम्ही एका... कसं जमवता?"

"मॅडमनी मशीन नीट लावून दिलंय साहेब. सगळ्यांचंच जमतं," चांगदेव म्हणाला. "आणि इनवर्डचं काम आहे, ते थांबून कसं चालेल? ह्या महिन्यात एक पण गाडी गेटवर अडली नाय. हवं तर कोणतीपण तारीख सांगा, दाखवतो."

साहेबांनी एक तारीख सांगितली. त्याने ती काढून दाखवली. माल, वजन, गाडी, सगळं. साहेबांनी मान डोलावली, प्रसन्न हसले आणि सवयीने उजवा हात पुढे केला.

पुढे केला आणि तो मध्येच थबकला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गोंधळलं. वासंतीने ओठ मिटले. मोहिते जमिनीकडे बघू लागले. आजूबाजूच्या टेबलांवरच्या कळांचा आवाज बंद पडला.

चांगदेव खुर्चीतून उठला, सरळ उभा राहिला आणि त्याने आपला डावा हात पुढे केला. घाई न करता, जगात सगळीकडे असाच करतात असा.

"चांगदेव उबाळे," तो म्हणाला.

मोठ्या साहेबांच्या डाव्या हातात कागदपत्रांची जाड फाईल होती. ती उजव्या हातात घ्यायला त्यांना थोडा वेळ लागला. तेवढा वेळ चांगदेवचा हात तसाच पुढे राहिला.